नेमाडपंथी बांधकाम

सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात गेलं की बरोबरचा कुणी जाणकार दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवतो आणि सांगतो, हे हेमाडपंती बांधकाम, यात चुना नाही. दगडाला खाच, खाचेत दुसरा दगड, आणि सगळं एकमेकांच्या वजनावर शतकानुशतकं उभं. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर ही शैली जमा आहे. मराठी वाङ्मयात तिचं एक चुलत भावंड आहे, त्याला नेमाडपंथी म्हणतात. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांच्या चाहत्यांना हे नाव कुणीतरी चिडवण्यासाठी दिलं असावं. चाहत्यांनी ते बिल्ल्यासारखं छातीवर लावलं. या बांधकामातही चुना नसतो. एका चाहत्याचं मत दुसऱ्याच्या मताच्या खाचेत बसतं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, आणि साठ वर्षं उलटली तरी चिरा हललेला नाही. इथे चुना म्हणजे वाचन.

आरोप मोठा आहे, तेव्हा तो मोजूनमापून केला पाहिजे. नेमाडपंथी काहीच वाचत नाही असं म्हणणं हा अन्याय होईल. ‘कोसला’ त्याने वाचलेली असते, आणि नुसती वाचलेली नसते, बहुतेक वेळा एका रात्रीत वाचलेली असते. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्या रात्रीमुळे बुडाला असेल तर विचारूच नका. तक्रार आहे ती नंतरच्या काळाबद्दल. ‘कोसला’ आली 1963 साली. तिच्यानंतर ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि 1979 ची ‘झूल’ अशा चार कादंबऱ्या आल्या, चांगदेव पाटील या एकाच नायकाच्या. मग 2010 साली ‘हिंदू’. कादंबऱ्या सहा, चाहत्याचा उत्साह सहांबद्दलचा, वाचन मात्र एकीचं. हा आळस असता तर लेख लिहायचं कारण नव्हतं. आळशी वाचक सगळ्याच लेखकांच्या वाट्याला येतात. माझं म्हणणं असं आहे की हे न वाचणं फार विचारपूर्वक चाललेलं असतं. चाहत्याला ‘कोसला’ आवडते, कारण तिच्यातला पांडुरंग सांगवीकर तो स्वतः नाही. पुढच्या चार कादंबऱ्या तो उघडत नाही, कारण त्यांतला चांगदेव तो स्वतः आहे.

पुरावा हवा असेल तर कुठल्याही चाहत्याचं कपाट उघडावं. ‘कोसला’ तिथे नसतेच. ती कुणीतरी नेलेली असते. आजवर तीन प्रती घेतल्या, तिन्ही गेल्या, असं तो ज्या सुरात सांगतो तो सूर तक्रारीचा नसतो. मुली चांगल्या घरी पडल्याचा असतो. चांगदेवाचे चारही भाग मात्र जागच्या जागी, दसऱ्याच्या संचलनातल्या मुलांसारखे ताठ उभे. पाठकण्यावर एक सुरकुती नाही. ‘बिढार’मध्ये तिसाव्या पानाच्या आसपास एसटीचं तिकीट आहे, आणि त्यावरचं भाडं पाहिलं तर वाचन कोणत्या दशकात थांबलं याचा अंदाज येतो. ‘झूल’ची दोन पानं कोपऱ्यात अजून एकमेकांना चिकटलेली, बाइंडरचं पातं तिथे जरा चुकलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात यायचं कारण पडलं नाही. ‘हूल’मध्ये कसर मालकापेक्षा बरीच पुढे गेलेली असते. ‘हिंदू’ आडवी ठेवलेली, कारण सहाशेच्या घरातली पानं उभी ठेवली तर फळी वाकते, आणि आडव्या पुस्तकावर मोबाइलचा चार्जर छान राहतो.

आता कुणी म्हणेल, कपाटावरून माणूस ओळखू नये, बोलण्यावरून ओळखावा. चाहत्याच्या बोलण्यात नेमाडे किती मुरलेत ते पाहा. पाहू. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ आणि ‘थोर’ ही ती तीन रत्नं. ‘कोसला’त या शब्दांना कामं नेमून दिलेली आहेत. व्यासपीठावरून बोललेले मोठे शब्द तळणीतल्या पापडासारखे फुगतात, हे त्या पोराने पाहिलेलं आहे. म्हणून अशा शब्दाच्या मागे तो ‘वगैरे’ लावतो आणि फुगा टचकन बसतो. ‘थोर’ हा तर त्याच्याकडे जवळजवळ शिवीसारखा येतो. चाहत्याने हे तीनही शब्द उचलले आणि नेमकी कामं काढून घेतली. त्याची मिसळ थोर असते, सिनेमातला कॅमेरा थोर असतो, लक्ष्मी रोडला रविवारी पार्किंग मिळालं तर तेही थोर. यातलं कौतुक कुठलं आणि टिंगल कुठली हे कळायला मार्ग नाही, आणि न कळण्यातच सोय आहे. तो गृहकर्ज वगैरे फेडतो. बँकेला वगैरे समजत नाही, तिला पाच तारखेला आकडा लागतो; पण सांगताना हप्त्यामागे वगैरे आला की आपण हप्त्याच्या वर कुठेतरी उभे आहोत असं वाटतं. फुगवटा काढायला घेतलेली टाचणी आता टायपिनसारखी मिरवायची झाली आहे.

आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या सांगवी गावच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, नाही त्या भानगडीत पडतो, वडलांचे पैसे खर्च करतो, परीक्षांचं मातेरं होतं, गावी परत जातो, आणि गावातही काय करायचं ते त्याला कळत नाही. नोकरी नाही, महत्त्वाकांक्षा नाही, पुढचा बेत नाही. ज्याला हा माणूस म्हणजे मीच असं वाटतं त्याचं चरित्र बघा. त्याला प्रथम वर्ग मिळालेला असतो. कॅम्पस मुलाखतीत तो पहिल्याच फेरीत लागलेला असतो. भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा, वाकडला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूम, आणि सोसायटीच्या कमिटीवर पाण्याच्या टँकरची जबाबदारी. आतून पांडुरंग, बाहेरून पॅनकार्ड. या माणसाच्या आयुष्यात मोडलेलं, सोडलेलं, उधळलेलं असं काही असेल तर ते बाविसाव्या वर्षी वाचलेलं एक पुस्तक. ते तो प्राणपणाने जपतो, यात हसण्यासारखं काही नाही. जपण्याची पद्धत तेवढी हसण्यासारखी आहे.

कारण त्याच लेखकाने त्याची खरी गोष्टही लिहून ठेवली आहे, आणि चार भाग भरून लिहिली आहे. चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे. त्याला पगार आहे. पगारापाठोपाठ जे जे येतं ते सगळं आहे: घरमालक, विभागप्रमुख, संस्थाचालक, स्टाफरूममधला चहा आणि चहाबरोबरची जातींची मोजदाद, एका गावातून दुसऱ्या गावात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात हलवायचं चंबूगबाळं. ‘बिढार’ या शब्दाचा अर्थ अकरा-अकरा महिन्यांचे भाडेकरार करत चार उपनगरं फिरलेल्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. पण नेमका तोच माणूस तिसाव्या पानावर तिकीट घालून उठतो. पांडुरंगाचं बंड वडलांच्या खर्चाने चालतं, म्हणून ते पाहायला मजा येते. चांगदेव स्वतःचं भाडं स्वतः भरतो. भाडं भरून, हजेरीपटावर सही करून, परीक्षेचे गठ्ठे तपासून जे काही बंड उरतं त्याचा आकार किती, ही त्या चार कादंबऱ्यांची विचारणा आहे. वर्षाअखेर आपलं मूल्यमापन करणारा फॉर्म साहेबाने आपल्यासमोर सरकवला की पोटात जे होतं ते चाहत्याला इथे होतं. असा फॉर्म चार खंडांत, तोही सुट्टीच्या दिवशी, कोण वाचेल? जाता जाता सांगायला हवं की चाहत्याने ज्यांना कायमचे बंडखोर म्हणून मखरात बसवलं आहे ते नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद असं करत गोवा, लंडन आणि मुंबईपर्यंत इतकी वर्षं शिकवत फिरले. गठ्ठे त्यांनीही तपासले असणार. ही माहिती चाहत्याला असते, पण तो ती ‘वगैरे’त ढकलतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एक पुस्तक आवडलं की त्या लेखकाची सगळी वाचलीच पाहिजेत, असा काही कायदा आहे का? नाही. आमरस आवडणाऱ्याने बाठाही चघळलाच पाहिजे असं नाही. ‘मला कोसला आवडते’ एवढंच चाहता म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो तसं म्हणत नाही. तो म्हणतो, मी नेमाड्यांचा. ही षष्ठी विभक्ती जपून ऐकावी. अमका शिंद्यांचा, तमका होळकरांचा अशी माणसं जेव्हा सांगत त्या काळातली ती आहे. तिच्या जोरावर तो देशीवादावर तावातावाने बोलतो, साहित्य संमेलनं ही कशी निरुपयोगी ते पटवतो, आणि कथा हा वाङ्मयप्रकार क्षुल्लक का, हे कथा लिहिणाऱ्याच्याच घरी जेवताना सांगतो. एवढी मनसबदारी एका पुस्तकाच्या उत्पन्नावर चालत असेल तर हिशेब विचारायला हरकत नसावी. यालाच जोडून एक बारीक आक्षेप येतो, की पुढच्या चार कादंबऱ्यांना ‘कोसला’ची सर नाही म्हणून त्या वाचल्या नाहीत. सर नाही हे न वाचता कसं कळलं, असं विचारलं तर उत्तर मिळतं, सगळेच म्हणतात. दगडाला खाच, खाचेत दगड.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. ‘कोसला’ खरोखरच तशी आहे. 1959 साली वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली होती, 1962 साली रणजित देसाईंची ‘स्वामी’. पुस्तकाच्या दुकानात एका बाजूला पुराणातला राजा, दुसऱ्या बाजूला इतिहासातला पेशवा, दोघांची भाषा भरजरी. आणि त्यांच्या शेजारी पुढच्याच वर्षी येऊन बसतं परीक्षेत बोंब झालेलं एक खानदेशी पोर, जे घरात बोलतं तसं पुस्तकात बोलतं. लेखकाचं वय 25. त्या वेळच्या वाचकाला कानात वारं शिरल्यासारखं झालं असेल तर त्यात अतिशयोक्ती काही नाही, आणि आजच्या विशीतल्या वाचकालाही तसंच होत असेल तर पुस्तकाचा तो पराक्रमच आहे. अडचण उत्साह सुरू होण्याची नाही, तो जिथे सुरू झाला तिथेच बिढार टाकून बसतो ही आहे. नेमाडपंथी खांडेकरांना हसतो, ते त्याच्या पंथाला धरूनच आहे. पण ‘ययाति’ची गोष्ट काय आहे? म्हातारपण आलेला बाप मुलाचं तारुण्य उसनं मागतो. पन्नाशीचा चाहता, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून, पांडुरंगाचं तारुण्य गेली तीस वर्षं अंगावर घालून फिरतोय, आणि म्हणतो खांडेकर कालबाह्य झाले! महाभारतातल्या ययातीने निदान हजार वर्षांनी तरी उसनवारी परत केली होती. (खांडेकरांना ज्ञानपीठ 1974 चं आणि नेमाड्यांना 2014 चं, मधली चाळीस वर्षं दोन्ही पुस्तकं एकमेकांकडे पाहत काय विचार करत असतील कोण जाणे.)

बरं, निदान ‘कोसला’ तरी त्याने पुरती वाचली आहे ना? वाचली आहे, पण तिच्यातलं काय लक्षात राहिलं ते तपासण्यासारखं आहे. होस्टेल आठवतं, गॅदरिंग आठवतं, प्राध्यापकांची फजिती आठवते. मनी सहसा आठवत नाही. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती मरते, आणि त्यानंतरची पानं ही माझ्या मते मराठी गद्यातली सगळ्यात अवघड पानं आहेत. तिथे तो पोरगा पहिल्यांदाच चेष्टा करू शकत नाही, किंवा करायला जातो आणि ती घशात अडकते. इतका वेळ जगाला तोलणारे त्याचे शब्द तिथे अपुरे पडतात. कादंबरीचा सगळा टवाळपणा कशाच्या कडेकडेने चालला होता ते त्या पानांत कळतं. चहाच्या टपरीवर ‘कोसला’वर तास तास बोलणाऱ्यांच्या तोंडी ही पानं क्वचित येतात, कारण तिथे बंडखोर होता येत नाही, भाऊ व्हावं लागतं. स्त्रीवाचकांना ‘कोसला’ कमी आवडते, तो मुलांच्या होस्टेलचा माल आहे, असं एक मत कानावर येतं. ज्यांना ती आवडते त्यांना पुस्तक कुठून आवडलं विचारून पाहावं. उत्तर बहुधा होस्टेलमध्ये नसतं.

‘हिंदू’चं प्रकरण तर प्रतीक्षेच्या इतिहासात घालण्याजोगं आहे. 1979 ते 2010, म्हणजे एकतीस वर्षं. ‘झूल’ आली तेव्हा पाळण्यात असलेलं मूल ‘हिंदू’ स्वतःच्या पगारातून घेऊ शकत होतं. या काळात चाहत्याचा उत्साह ऐन बहरात होता, आणि ते साहजिकच आहे: न आलेल्या कादंबरीसारखी सोयीची कादंबरी नाही. ती महान असते, तिच्याबद्दल आतल्या गोटातल्या बातम्या असतात, आणि वाचली का असं कुणी विचारू शकत नाही. मग ती आली. रांगा लागल्या, प्रती गेल्या, हे खरं. पण वाट पाहणाऱ्याला वाट पाहण्याची सवय लागलेली असते, हेही खरं. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेराव या पुरातत्त्व अभ्यासकाला वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या मोरगावला निघतो, इथवर सगळ्या चाहत्यांना पाठ आहे, कारण इथवर वर्तमानपत्रांनीही छापलं होतं. पुढे काय होतं असं विचारलं की उत्तर येतं, त्यात सगळंच आहे. पुस्तकाच्या उपशीर्षकातली ‘समृद्ध अडगळ’ मात्र घरोघर पोचली. दिवाळीच्या आधी माळा साफ करताना ती हटकून वापरली जाते, आणि मोडका कूलर, फुटकी बादली यांच्याबरोबर कधीकधी ती सहाशे पानंही त्याच माळ्यावर चढतात.

एक गोष्ट मात्र हातची जाते. ‘कोसला’तला मुलगा बापाशी भांडत होता. ‘हिंदू’तला मुलगा बापासाठी परत येतो. या मुलापासून त्या मुलापर्यंत यायला लेखकाला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि मधल्या चार कादंबऱ्या हा त्या वाटेवरचा पायी प्रवास आहे. पंचविशीतला लेखक सत्तरी ओलांडून गेला तरी चाहता पहिल्याच थांब्यावर हात हलवत उभा. लेखकाने दुसरी ‘कोसला’ लिहिली नाही हा त्याचा लेखकाबद्दलचा एकमेव राग आहे, आणि तो तो कौतुकाच्या सुरात व्यक्त करतो: नेमाडे म्हणजे कोसला, बाकी सगळं वगैरे.

हे सगळ्याच लेखकांच्या चाहत्यांचं असतं, एकट्या नेमाडपंथीयांना का धरता, असा शेवटचा आक्षेप घेता येईल. असतं, पण असंच नसतं. पुलंच्या चाहत्याला निदान सगळं ऐकून पाठ असतं. जीएंचा चाहता कथा समजली नाही हे अभिमानाने कबूल करतो, म्हणजे ती वाचली हे त्यात आलंच. नेमाड्यांचाच चाहता असा, की ज्याच्याविरुद्ध त्याचा आवडता लेखक पुस्तकामागून पुस्तक लिहीत गेला आणि त्याला पत्ता लागला नाही. ‘कोसला’ची अर्पणपत्रिकाच पाहा. पुस्तक अर्पण केलं आहे ते शंभरातल्या नव्व्याण्णवांना. साठ वर्षांत हजारोंनी ते घेतलं, वाचलं, वाटलं, आणि घेणारा प्रत्येक जण हे पक्कं धरून चालला की आपण तो उरलेला एक. नव्व्याण्णवांची भेट अजून काउंटरवर पडून आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर या पंथात एक दीक्षाविधी होतो. मुलाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. होस्टेलला जायच्या आदल्या रात्री बॅग भरताना आई चिवड्याचा डबा आणि सोलापुरी चादर यांच्यामध्ये जागा करत असते, तिथे बाप हळूच ‘कोसला’ची नवी, चौथी प्रत सरकवतो. मुलगा ती वाचतोही, आणि त्याच्यावर तिचा जो व्हायचा तो परिणाम होतो. दिवाळीच्या आत घरी निरोप येतो की मेसचे पैसे संपले, आणखी पाठवा. बाप चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचतो, बँकेचं ॲप उघडतो, बंद करतो, आणि उत्तर लिहितो: पाठवतो, पण आधी खर्च उदाहरणार्थ कशाकशावर वगैरे झाला ते तारीखवार कळव.